ताटली गेली अलाबामाला

शेंगा उकडायला ठेवल्या की घरभर एक वास सुटतो. मिठाचा, मातीचा, थोडासा ओल्या पोत्याचा. तो वास आला की मला अलाबामा आठवतं. हसू नका. मी पुण्याच्या पलीकडं मोजून तीन वेळा गेले असेन, आणि नातवाच्या नकाशात अमेरिकेवर बोट ठेवलं तरी ते राज्य मला चटकन सापडत नाही. पण तिथली माती लाल आहे, हवा अशी दमट की वाळत घातलेलं लुगडं दोन दिवस वाळू नये, तिथं भेंडी पिकते, रताळी पिकतात, आणि बाया ओट्यावर बसून मिठात उकडलेल्या शेंगा फोडत अख्ख्या गावाची उणीदुणी काढतात, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. हे मला एडनाबाईंनी सांगितलं. आमच्याच पडवीत बसून, चार वर्षांमागच्या भातकापणीत.

आता कापणी पुन्हा आली आहे. सकाळी धरणाच्या पाण्यावरून धुकं उठतं ते थेट आमच्या बांधापर्यंत येतं, आणि त्या धुक्यात नुसते विळे ऐकू येतात. खर्र, खर्र. माणूस दिसत नाही. मग ऊन वर आलं की पिवळं रान एकदम डोळ्यांत भरतं आणि इंद्रायणी भाताचा वास सुटतो. हा वास शिजलेल्या भाताचा नव्हे हं; कापलेल्या ओल्या देठाचा, जरा गोडसर. काल मी खळं सारवलं. गुडघे कुरकुरतात, पण खळं दुसऱ्याच्या हातचं मला चालत नाही. सारवता सारवता शेणाच्या हातानं डोळे पुसायची वेळ आली, आणि दुःखानं नव्हे. ते शेवटी सांगते. आधी एडनाबाई.

माझा मुलगा तेव्हा हिंजवडीच्या एका कंपनीची गाडी चालवायचा. त्याच्या गाडीतून जो अमेरिकेचा साहेब जायचा, त्याची आई दोन महिन्यांसाठी आली होती आणि बावधनला सातव्या मजल्यावर बसून कंटाळली होती. जन्मभर शाळेत झाडं, पाखरं, किडे शिकवलेली बाई, तिला खिडकीतून नुसत्या दुसऱ्या इमारती दिसायच्या. मुलगा म्हणाला, "आई, आपली मागची खोली रिकामीच आहे. कापणीभर राहील म्हणते. पाखरं बघेल."

मी खोली झाडली, गादीला नवी खोळ घातली, सून वैशालीनं चिनी मातीचे कप काढले. गाडी दारात आली, बाई उतरली, आणि आमचे हे पडवीतून हळूच मला म्हणाले, "अगं, अमेरिकेची म्हणाला ना तो? ही तर माझ्याहून सावळी!" आमच्या डोक्यात अमेरिका म्हणजे गोरी. ही उंच, धिप्पाड, पांढरे कुरळे केस, गळ्यात दुर्बीण. वैशालीचं ऐकून ऐकून दुसऱ्या दिवशी तिनं मला "आई" म्हणायला सुरुवात केली. मी अठ्ठावन्नची, ती सत्तरीला टेकलेली. मी म्हटलं, म्हणू दे. एवढी मोठी लेक विनासायास मिळते कुणाला?

इंग्रजी फक्त वैशालीला. ती बी.ए. झालेली, बालवाडी चालवायची. मग आमचं बोलणं असं चालायचं: एडनाबाई वैशालीकडं, वैशाली माझ्याकडं, आणि मध्येच वैशालीला हसू फुटलं की आम्ही दोघी ताटकळत. पण खरं सांगू, पंधरा दिवसांनी निम्मं काम तिच्याशिवाय होऊ लागलं. भेंडीला भाषा लागत नाही. मी भेंडी चिरायला घेतली तर ती टाळ्या वाजवत उठली. तिच्याकडं मक्याच्या पिठात घोळवून तळतात. तिनं करून दाखवली, आणि ज्या माणसानं चाळीस वर्षं माझी भेंडी "बुळबुळीत" म्हणून बाजूला सारली, ते आमचे हे दोनदा मागून घेऊन जेवले. मला रागच आला थोडा.

पौडच्या बाजारातून ओल्या शेंगा आणल्या, मीठ घालून उकडल्या, तर बाईच्या डोळ्यांत पाणी. म्हणे आमच्याकडं रस्त्याच्या कडेला मोठ्या पातेल्यात अशाच मिळतात, अमेरिकेतल्या दुसऱ्या राज्यांतली माणसं नाक मुरडतात. आमच्या वरच्या रानात घाणेरी माजली आहे, ती दाखवली तर म्हणाली, आमच्याकडं एक वेल आहे, परदेशातून आणलेली. उन्हाळ्यात खोपट सोडून गेलात तर परत आल्यावर खोपट सापडत नाही, नुसता हिरवा ढिगारा. एकदा उंबरावर सोनपाठी सुतार पक्षी ठोकत होता. ती दुर्बीण लावून अर्धा तास हलली नाही. मग सांगितलं की त्यांच्या राज्याचा मानाचा पक्षी सुतारच आहे. मला ते फार आवडलं. राजानं मोर घ्यावा, गरुड घ्यावा. ह्यांनी दिवसभर डोकं आपटून काम करणारा घेतला.

आता सखूचं सांगते, कारण सखूशिवाय ह्या गोष्टीला अर्थ नाही.

सखू आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन ह्या गावात आलो. मी वरच्या आळीत, ती ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीत. तेव्हापासून लावणीला आणि कापणीला ती आमच्या रानात. चिखलात वाकून शेजारी शेजारी किती रोपं लावली असतील! माझी पहिली कळ शेतातच आली, तेव्हा हिनंच मला पाठुंगळीला मारून घरी आणलं. जीभ अशी की विळ्याला लाज वाटावी. एडनाबाई हौसेनं कापायला उतरली आणि एका पेंढीला पाव तास घालवला, तेव्हा सखू म्हणाली, "वैनी, पावनीला म्हनावं दमानं. पुढच्या दिवाळीपातुर वेळ हाय." वैशालीनं ते जसंच्या तसं सांगितलं. एडनाबाई एवढी हसली की बांधावर बसली. तेव्हापासून त्या दोघींचं जमलं.

दुपारी जांभळीखाली आम्ही टेकायचो. अशाच एका दुपारी वैशालीनं विचारलं, तुमच्या लहानपणाचं सांगा. आणि ती पाखरांचं सांगणारी बाई बसचं सांगू लागली.

मॉन्टगोमेरी म्हणून त्यांच्या राजधानीचं गाव. तिथं बसमध्ये पुढं गोऱ्यांनी बसायचं, मागं काळ्यांनी. पुढची जागा कमी पडली तर मागच्यांनी उठायचं. पाण्याचे नळ वेगळे. एके दिवशी एका बाईनं उठायला नकार दिला. तिला पकडून नेलं, आणि सगळ्या काळ्या वस्तीनं ठरवलं, बसमध्ये चढायचंच नाही. एक दिवस, दोन दिवस नाही; वर्ष उलटून गेलं. एडनाबाईची आई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करायची. रोज चालत जायची, चालत यायची. बुटांचे तळ फाटले तेव्हा आत पुठ्ठा कापून घालायची, पावसात पुठ्ठ्याचा लगदा व्हायचा. एडनाबाई तेव्हा शाळेत. संध्याकाळी आईचे पाय गरम पाण्यात धरून बसायचं काम तिचं. शेवटी कोर्टानं सांगितलं, कुणीही कुठंही बसेल. पुढं मतांच्या हक्कासाठी माणसं चालत निघाली, नदीवरच्या पुलावर पोलिसांनी त्यांना झोडपलं. दोन आठवड्यांनी माणसं पुन्हा निघाली, तेव्हा त्यांत एडनाबाईही होती.

सखू तंबाखू मळता मळता थांबली होती. तिनं विचारलं, "चालत गेली, पर कामाला गेली ना? म्हंजी धुनी त्याच बाईची धुतली?"

वैशालीनं विचारून सांगितलं, "हो. तिचीच."

"म्हंजी हात पायजे," सखू म्हणाली, "शेजारी बूड नको."

आम्ही सगळ्या हसलो. मीच सगळ्यात मोठ्यानं. मग मी पदरानं डोळे पुसले, म्हटलं, काय बाई माणसं तरी, देवाला भीत नव्हती का? आणि भरात येऊन आमच्या मुळशीचंही सांगितलं: पहिलं धरण झालं तेव्हा मावळातली माणसं जमिनीसाठी धरणाच्या कामावर जाऊन कशी ठाण मांडून बसली, तुरुंगात कशी गेली. माझ्या सासूच्या तोंडून ऐकलेलं सगळं. एडनाबाई लक्ष देऊन ऐकत होती. तिनं सखूकडं बघून विचारलं, "हिची माणसंपण होती का त्यात?"

हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. सखू तंबाखू तोंडात टाकत म्हणाली, "असतील की. बुडालं तवा आमचं बी बुडालं. पर आमची नावं कुनी सांगितली न्हाईत बघा."

दुसऱ्या दिवशी ती चूक झाली.

आमच्याकडची रीत अशी. कापणी-झोडणीच्या दिवसांत दुपारचं कालवण घरधनिणीनं द्यायचं, भाकरी ज्यानं त्यानं आणायची. आळीतल्या बाया आमच्या ताटांत जेवतात, पडवीत बसून. वस्तीतल्या बाया आपापली ताटली घरून फडक्यात बांधून आणतात, खळ्याच्या पलीकडच्या कडेला उंबराखाली बसतात. मी वरून वाढते. कुणी कधी ठरवलं ठाऊक नाही. कुणी कुणाला रागावून बोलत नाही. मी तर सखूला नेहमी आळीपेक्षा दोन फोडी जास्तच वाढायची. तेवढ्यावर मी स्वतःला फार चांगली समजायची.

एडनाबाईनं चार दिवस हे पाहिलं होतं. त्या दुपारी ती खोलीतून आली ती फडक्यात बांधलेली ताटली घेऊन. आमचीच ताटली, ह्यांचं नाव कोरलेली, तिला दिलेली. सरळ उंबराखाली गेली, सखूच्या शेजारी मांडी घातली, फडकं सोडलं आणि आनंदानं काहीतरी म्हणाली.

वैशाली माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्या म्हणतात, आमच्या चर्चमध्ये पण असंच असतं. सगळे आपापलं भांडं घेऊन येतात आणि एकत्र जेवतात. ही रीत त्यांना फार आवडली. विचारतात, तुम्ही पडवीतल्या बायका का आणत नाही?"

माझ्या हातात कालवणाचा डाव. कालवण थेंबथेंब खळ्यावर गळतंय. पडवीतून थोरल्या जाऊबाईंचा खोकला आला. तो खोकला मी चाळीस वर्षं ओळखते. बाकीच्या बाया खाली मान घालून भाकरी मोडू लागल्या. सखूनं मात्र वर बघितलं. "सांगा तिला वैनी," म्हणाली, "ताटली घरून आनली की घासायला बी घरी न्यावी लागती. तुमच्या भांड्यात मिसळायची न्हाई." आणि जरा थांबून, हळू आवाजात, माझ्यापुरतं: "माझी पोरगी तुमच्या खळ्यावर पाय ठेवत न्हाई, ते ह्याच ताटलीपायी. मला बी नको म्हनती. मी येते, कारन तुमी हाय."

तिची पोरगी पौडला दवाखान्यात नर्स. लहानपणी माझ्या मुलाबरोबर ह्याच खळ्यावर पेंढ्यांत लोळलेली. मोठी झाल्यापासून दिसली नव्हती. मला वाटायचं, नोकरी लागली, आता कशाला येईल.

संध्याकाळी मी वैशालीला म्हटलं, "तूच सांग बाई एडनाबाईंना काय ते."

ती म्हणाली, "इंग्रजी येतं मला, आई. पण वाढता तुम्ही. तुम्हीच सांगा. मी शब्दाला शब्द देईन."

सकाळी सुपात तांदूळ पाखडता पाखडता सांगितलं. खाली बघूनच सांगितलं. कोंडा उडत होता म्हणून बरं. मग एडनाबाई बोलली ते वैशालीनं हळूहळू सांगितलं. तिची आई ज्या घरी कामाला जायची तिथली बाई वाईट नव्हती. नाताळात केक द्यायची, जुने कपडे द्यायची, आजारपणात औषधं पाठवायची. आणि आईचा पाण्याचा पेला खिडकीत वेगळा ठेवायची. "मी त्या बाईचा चेहरा कधी विसरले नाही," एडनाबाई म्हणाली. "फार हसरा होता, आई. तुझ्यासारखा."

परवा मी विचारलं होतं ना, देवाला भीत नव्हती का ती माणसं? मिळालं उत्तर. देवाला भीत होती. केकही देत होती.

झोडणी संपली, रास लागली, शेवटचं जेवण आलं. नव्या तांदळाचा भात आणि कोंबडीचा रस्सा. मी फळीवरची सगळी ताटं काढली, खळ्यावर एका ओळीत मांडली आणि सखूला म्हटलं, "चल, बस."

सखू ताटांकडं बघत उभी राहिली. मग तिनं आपलं फडकं सोडलं. "आज न्हाई वैनी," म्हणाली. "आज पावनी बघतीया. ती गेल्यावर बोलवा. तवा बघू."

आणि जाऊन उंबराखाली बसली. एडनाबाईही आपली ताटली घेऊन तिच्याशेजारी गेली; आता सगळं माहीत असून. मांडलेली ताटं तशीच. वाढून झाल्यावर मला पडवीतही बसवेना आणि उंबराखालीही जाववेना. मी चुलीपाशी उभ्यानं चार घास खाल्ले. रस्सा उत्तम झाला होता म्हणतात.

एडनाबाई गेली. जाताना मी साडी देत होते, तर तिनं ती ताटली मागितली. आमचे हे म्हणाले, "दे की. माझं नाव तरी विमानात बसेल."

ती गेली आणि मला आठ दिवस लागले. ओढा केवढा? लावणीत उडी मारून ओलांडावा असा. पण चाळीस वर्षांत मी सखूच्या दारापर्यंत अनेकदा गेले होते, आत एकदाही नाही. नवव्या दिवशी गेले. ती ओट्यावर सुकट निवडत होती. मला बघून उठली नाही. म्हणाली, "काय काम काढलं?"

म्हटलं, "काम नाही. जेवायला आले."

ती माझ्याकडं बघत राहिली. माझे दोन्ही हात रिकामे होते, ते तिनं बघितलं. मग अगदी गंभीर तोंड करून विचारलं, "ताटली आनली का घरून?"

आधी मला कळलंच नाही, मग जे हसू फुटलं ते आम्हां दोघींना आवरेना. शेजारच्या बाया डोकावल्या. हसता हसता मी रडायला लागले तर म्हणाली, "आता रडून सुकट खारट करू नगा, आदीच लई मीठ हाय." आत भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, तिला ताजा हार. एडनाबाईनं सांगितलं होतं, त्यांच्याही घरी आईनं एका काळ्या कोटातल्या धर्मगुरूची तसबीर लावली होती. मी त्या तसबिरीखाली बसले, सखूच्या ताटात सुकट-भाकरी खाल्ली, आणि ताट घासायला उठले तर तिनं घासू दिलं. "घासा की," म्हणाली, "हिशोबानं आजून लई ताटं राहिली तुमच्याकडं."

पुढच्या कापणीला ती पडवीत बसली. जाऊबाईंनी आपलं पान उचललं आणि आत जाऊन जेवल्या; अजूनही आतच जेवतात. मी आता त्यांच्या खोकल्याकडं लक्ष देत नाही, खोकल्याचं औषध मात्र वेळेवर देते. त्या दिवशी जेवण झाल्यावर सखूनं स्वतःची घरून आणलेली ताटली घासली, फळीजवळ गेली, आणि जिथं एडनाबाईंनी नेलेल्या ताटलीची जागा रिकामी होती तिथं ती उभी केली. "ऱ्हाऊ द्या हितंच. तुमची येक अमेरिकेला गेली ना, ही तिच्या जाग्यावर." तिच्यावर तिच्या नवऱ्याचं नाव कोरलेलं आहे. आमच्या फळीवर दुसऱ्या कुळाचं नाव आलं आणि छत काही कोसळलं नाही.

एडनाबाईची पत्रं येतात, वैशाली वाचून दाखवते. भेंडी तळते, त्याच ताटलीत खाते. चर्चमधल्या बायका विचारतात, हे काय कोरलंय? ती सांगते, माझ्या आईच्या नवऱ्याचं नाव. हे ऐकून आमचे हे दोन दिवस मिशीला पीळ देत फिरत होते. सुतार पक्षी तिच्या अंगणातल्या पाईनच्या झाडावर घर करतोय म्हणे. आणि दर पत्रात शेवटी एकच प्रश्न: सखूची मुलगी आली का?

दर वेळी मी वैशालीला म्हणायची, लिही, नाही आली. खोटं कशाला लिहायचं? तीन पत्रांना हेच उत्तर गेलं. आई आली म्हणून लेकीनं यावंच असं कुठंय? तिचा राग तिचा आहे. तो माझ्या एका जेवणानं फिटावा, ही अपेक्षाही माझीच गैर.

तर काल मी खळं सारवत होते, ते सांगायचं राहिलं होतं. सखू बांधावरून आली. आता तिची कंबर वाकली आहे, पण जीभ ताठ. माझ्या सारवणाकडं बघून म्हणाली, "कोपरा ऱ्हायला तितं." मी कोपरा सारवला. तरी ती जाईना. मग जांभळीकडं बघत, सहज बोलल्यासारखं म्हणाली, "परवाच्या जेवनाला येक ताट जास्ती लावा वैनी. पोरगी येतीया. सुट्टी काढलीया तिनं."

मी शेणाच्याच हातानं डोळे पुसले.

"पर आदीच सांगून ठेवते," सखू म्हणाली, "ती भांडी घासनार न्हाई."

म्हटलं, "मी घासेन."

"मग दोनदा जेवंल ती," सखू म्हणाली आणि काठी टेकत निघाली.

मघाशी शेंगा उकडायला ठेवल्यात त्या त्यासाठीच. मीठ जरा जास्त घातलंय, अलाबामासारखं. वैशाली पत्र लिहायला बसली होती, तिला म्हटलं, थांब बाई दोन दिवस. पोरीला पोटभर जेवू दे, मग लिही.